भिंतीआधी चपला बघा

(वाचकांचे प्रश्न)

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवरचा माझा लेख मागच्या अंकात आला आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच माझ्याकडे धाडून दिला. ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इ.स. 122 मध्ये रोमन सम्राट हेड्रियन ब्रिटनला आला आणि त्याच्या हुकमावरून पूर्वेला टाइन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेस गावापर्यंत, आजच्या मापानं 117 किलोमीटर लांबीची भिंत उभी राहिली. साम्राज्याची ही उत्तरेची हद्द. तिच्या अंगानं किल्ले, चौक्या, आणि आता संग्रहालयं.

मी मूळची मिरजेची. नर्स म्हणून न्यूकॅसलला आले, इथंच निवृत्त झाले आणि सध्या एका संग्रहालयात स्वयंसेविका म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट दाखवते. दोन वाचकांनी मला ‘प्राध्यापिकाबाई’ म्हटलंय, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

प्रश्न (सातारा) : आम्ही दर पावसाळ्यात गड चढणारी माणसं. तुमच्या लेखातल्या फोटोत भिंत जेमतेम कमरेएवढी दिसते. राजगड, रायगड पाहिलेल्यानं एवढा खर्च करून ती बघायला का यावं?

गड बघायचा म्हणून येणार असाल तर येऊच नका. हिरमोड होईल आणि वर मला शिव्या घालाल.

आपल्या गडाचं दार बुरुजांच्या बेचक्यात लपवलेलं असतं. शत्रू तिथवर पोचलाच तर त्याला धडक मारायला जागा मिळू नये, हा हेतू. आता इथला चेस्टर्सचा किल्ला बघा. घोडदळाचं ठाणं. त्याला सहा दरवाजे, आणि त्यातले तीन मोठे दरवाजे भिंतीच्या पलीकडे, म्हणजे थेट शत्रूच्या बाजूला उघडणारे! सातारकर माणूस बघून कपाळाला हात लावेल. पण रोमन सैनिक वेढ्यात बसून लढायच्या बेतानं इथं राहतच नव्हता. गडबडीची खबर आली की दारं उघडायची, एकदम बाहेर पडायचं आणि मोकळ्या मैदानात गाठायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे हे किल्ले म्हणजे तटबंदी घातलेल्या बराकी. मधोमध कचेरी, शेजारी अधिकाऱ्याचा वाडा, धान्याची कोठारं, बाकी सगळ्या सैनिकांच्या खोल्यांच्या रांगा. एक किल्ला नीट समजला की दुसऱ्यात डोळे मिटून फिरता येतं.

भिंतीचंही तसंच. दर रोमन मैलाला एक छोटी चौकी आणि दोन चौक्यांच्या मध्ये दोन टेहळणीचे मनोरे, असा नकाशा ठरला. मग डोंगर असो, कडा असो, चौकी त्याच अंतराच्या आसपास होणार आणि तिला उत्तरेकडे दारही असणार. काही ठिकाणी ते दार उघडलं की समोर असा उतार आहे की शेळीसुद्धा विचार करेल. वरून आलेला आदेश खालच्यानं मुकाट पाळायचा, हा सरकारी खाक्या किती जुना आहे ते तिथं उभं राहून कळतं.

उंचीबद्दल म्हणाल, तर भिंत मुळात चारेक मीटर तरी होती. दगड गेले कुठं? लोकांनी नेले. शेतांच्या बांधांना, घरांना, चर्चना लावले. हेक्सहॅमच्या चर्चखालचं सातव्या शतकातलं तळघर जवळच्या कॉरब्रिजहून आणलेल्या रोमन दगडांचं आहे. 1745 मध्ये स्कॉटलंडहून उठलेल्या बंडानंतर सरकारनं फौजेसाठी न्यूकॅसल ते कार्लाइल रस्ता बांधला, त्यात मैलच्या मैल भिंत पाडून पायाला घातली. आजही त्या रस्त्यानं गाडी चालवता तेव्हा चाकाखाली भिंतच असते. जे उरलं ते बऱ्याच अंशी जॉन क्लेटन या न्यूकॅसलच्या टाउन क्लार्कमुळे (म्हणजे नगरपालिकेचा वरिष्ठ अधिकारी). या गृहस्थानं एकोणिसाव्या शतकात भिंतीकडेची शेतं एकेक करून विकत घेतली, दगड नेणं थांबवलं आणि पडलेले दगड आपल्या मजुरांकडून पुन्हा रचून घेतले. कड्यांवरची जी देखणी, वर गवत उगवलेली भिंत सगळे फोटोत काढतात, तिचा बराचसा वरचा भाग क्लेटनच्या माणसांच्या हातचा आहे.

तरीही यायचं असेल तर एक ऐका. नुसती भिंत म्हणजे रिकामं घर. राहणारी माणसं संग्रहालयांत गेली आहेत. आधी तिकडे जा. भिंतीजवळच्या व्हिंडोलांडा या रोमन किल्ल्याच्या संग्रहालयात चामड्याच्या चपला-जोड्यांचं कपाट आहे. तिथल्या मातीतून आजवर पाच हजारांहून जास्त जोडे निघालेत. ओल्या, हवा न लागलेल्या थरात दबल्यामुळे चामडं कुजलं नाही. सैनिकांचे खिळे मारलेले जोडे आहेत, बायकांच्या नाजूक सपाता आहेत, आणि तान्ह्या मुलांचे तळहातावर मावतील एवढे बूट आहेत. सैनिकी छावणीत तान्ही मुलं! जवळच्या मॅग्नाच्या किल्ल्यात 2025 मध्ये 30 सेंटिमीटरपेक्षा लांब तळव्यांचे जोडे निघाले, तेव्हापासून इथं सगळ्यांना एकच प्रश्न पडलाय की ते घालणारी धिप्पाड माणसं आली कुठून. काही वेळ त्या कपाटापुढे काढा आणि मग भिंतीवर जा. कमरेएवढी असली तरी चालेल.

प्रश्न (लेस्टर) : आई-बाबा मे महिन्यात येताहेत. दोघंही सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात. बाबांना इतिहासाचं वेड. दोन दिवसांत काय दाखवावं?

आईंच्या गुडघ्यांचं आधी बघू, बाबा कुठंही खूश होतील.

हाउसस्टेड्सचा किल्ला सगळ्यात प्रसिद्ध आणि तिथंच सगळे आधी जातात. गाडी लावायची खाली आणि किल्ला वर. मधली वाट चढाची आहे, अर्धा मैल तरी भरेल. ‘हे काय, समोर तर दिसतंय’ म्हणून लोक निघतात आणि निम्म्यावर दम लागून बसतात. आईंना घेऊन जायचंच असेल तर आधी फोन करून वरपर्यंत गाडी नेता येते का ते विचारा. आयत्या वेळी तिथं जाऊन हुज्जत घालू नका.

पहिला दिवस कॉरब्रिज आणि चेस्टर्सला द्या. कॉरब्रिजची जागा सपाट आणि आटोपशीर. तिथं किल्ल्यामागून गाव वसलं आणि वाढलं. दुकानं, कोठारं, कारंजं, सगळ्याचे पाये दिसतात. जुन्या रस्त्याची आणि कोठारांची फरशी जमीन खचून लाटांसारखी वरखाली झालीय, तिच्यावरून मात्र हात धरून न्या. संग्रहालयात 1964 साली सापडलेली एक पेटी आहे. चामडं मढवलेल्या या लाकडी पेटीत चिलखताचे तुकडे, हत्यारं, खिळे, सुतारकामाचं सामान, काय काय कोंबलेलं होतं. पुढे लागेल म्हणून भरून ठेवली आणि परत कुणी आलंच नाही. रोमन चिलखत कसं जोडत असत, हे संशोधकांना मुख्यतः या पेटीवरून उमगलं. बाबांना तिथून हलवणं अवघड जाईल.

चेस्टर्सला नदीकाठी सैनिकांचं स्नानगृह आहे, भिंती माणसाच्या डोक्याहून उंच शिल्लक. कपडे बदलायच्या खोलीत कमानीचे सात कोनाडे ओळीनं आहेत. तिथवर उतार आहे पण सौम्य. आईंना तो नको वाटला तर दाराशीच क्लेटन संग्रहालय आहे. 1896 मध्ये उघडलेलं, आणि मांडणी अजून त्याच काळची. भिंतभर फळ्या, त्यांवर वेदींचे दगड, देवांच्या मूर्ती, कोरीव शिळा एकाला एक खेटून. हल्लीच्या बटण दाबायच्या संग्रहालयांपेक्षा मला हे जास्त आवडतं, पण हे माझं मत झालं. नातवंडं बरोबर असतील तर कंटाळतील.

दुसरा दिवस व्हिंडोलांडाला. याला दोन प्रवेश आहेत. संग्रहालय आणि उपाहारगृह खालच्या बाजूला, ओढ्याकाठी. आईंना खालच्या बाजूनं न्या, त्या संग्रहालय बघून बागेत बसतील. बाबा वर अवशेषांत हिंडून येतील. वेळ उरला तर ग्रीनहेडजवळचं रोमन आर्मी म्युझियम करा, सगळं छपराखाली आणि सपाट आहे. व्हिंडोलांडाचं आणि याचं मिळून एकत्र तिकीट मिळतं. कॉरब्रिज, चेस्टर्स, हाउसस्टेड्स आणि बर्डोस्वाल्ड मात्र इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे, तिचा पास वेगळा. हे लोक नेहमी गोंधळून विचारतात, म्हणून सांगितलं.

मे महिना असला तरी कानटोपी घ्या. तिथला वारा पुण्या-मुंबईच्या माणसाला माहीतच नाही.

प्रश्न (ठाणे) : भिंतीच्या पलीकडे स्कॉटलंड लागतं ना?

नाही. भिंत पूर्णपणे इंग्लंडमध्ये आहे. पश्चिम टोकाला बोनेसपासून स्कॉटलंडची हद्द मैलभराच्या आत, पण पूर्व टोकाला वॉल्सएंडपासून शंभरेक किलोमीटर लांब. भिंत बांधली तेव्हा स्कॉटलंडही नव्हतं आणि इंग्लंडही. आजच्या स्कॉटलंडमध्ये जी आहे ती दुसरी, अँटोनाइनची भिंत. हेड्रियननंतरच्या सम्राटानं इ.स. 142 च्या सुमारास मातीची बांधली आणि वीसेक वर्षांत फौज पुन्हा हेड्रियनच्या भिंतीवर माघारी आली.

प्रश्न (नाशिक, इयत्ता आठवी) : रोमन सैनिक एकत्र शौचालयाला बसायचे हे खरं आहे का? आणि ते दिवसभर काय करायचे?

खरं आहे बाळा. हाउसस्टेड्सला किल्ल्याच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ती जागा अजून आहे. दोन्ही बाजूंना खोल चर, त्यांवर लाकडी फळ्यांची बैठक असायची, ती आता नाही. मध्ये आडपडदा काही नाही. वरून पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं आणि चरातून सोडून घाण तटाबाहेर घालवायची. सगळ्यात खालचा कोपरा का निवडला, ते आता तूच सांग. व्हिंडोलांडाला तर 2014 मध्ये लाकडाची अख्खी बैठक सापडली, भोकासकट. ती संग्रहालयात ठेवलीय. शाळेची मुलं तिच्यापुढून हलत नाहीत, मास्तर ओरडून ओरडून दमतात.

दिवसभर काय करायचे, हे आपल्याला त्यांच्याच कागदांवरून कळतं. कागद म्हणजे लाकडाचे पातळ तुकडे, पोस्टकार्डाएवढे, त्यांवर शाईनं लिहिलेलं. 1973 मध्ये रॉबिन बर्ली यांना व्हिंडोलांडाच्या चिखलात ते पहिल्यांदा सापडले. बरेचसे भिंत बांधायच्याही आधीचे, इ.स. 100 च्या आसपासचे आहेत. बाहेर काढल्यावर शाई दिसेनाशी होते, म्हणून इन्फ्रारेड फोटो काढून वाचतात.

त्यातला एक माझ्या फार जवळचा आहे, कारण मी आयुष्यभर वॉर्डातली हजेरी भरली. 18 मे रोजी घेतलेली ही एका पलटणीची हजेरी. एकूण 752 माणसं. त्यातली 456 जागेवर नाहीत. 337 जण नुसते कॉरब्रिजला गेलेत, 46 जण गव्हर्नरच्या दिमतीला, बाकीचे इकडे तिकडे. उरले 296. त्यांत कामाला नालायक 31: आजारी 15, जखमी 6 आणि डोळे आलेले 10. म्हणजे एवढ्या मोठ्या पलटणीत खरोखर उभे राहू शकणारे 265. शेकोटीच्या धुरात, कोंदट बराकीत राहिल्यावर डोळे येणारच. जखमींपेक्षा डोळे आलेले जास्त, यावरून ओळख की रोजच्या रोज लढाई काही चाललेली नसायची.

बाकीच्या चिठ्ठ्यांत काय आहे? कुणाला मोजे, चपला आणि आतले कपडे पाठवल्याचं कळवलंय. मास्क्युलस नावाचा घोडदळाचा अधिकारी साहेबांना लिहितो की माझ्या माणसांकडची बीअर संपलीय, पाठवायचा हुकूम करा. ऑक्टेव्हियस नावाचा व्यापारी पैशाची निकड सांगतो आणि कातडी आणायला गेलो नाही याचं कारण देतो, रस्ते खराब आहेत, जनावरांना कशाला त्रास. ही सबब तू नाशिकमध्येही ऐकली असशील.

आणि खुनाची गोष्ट हवी असेल तर तीही आहे. हाउसस्टेड्सच्या तटाबाहेरच्या वस्तीत एका घराच्या जमिनीखाली दोन माणसांचे सांगाडे सापडले, वर स्वच्छ माती चोपून जमीन केलेली. एकाच्या बरगडीत सुरीचं टोक अडकलेलं होतं. रोमन कायद्यात वस्तीच्या आत प्रेत पुरायला बंदी होती. कुणी मारलं, ते कधीच कळणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पॉसायडनची रोमन मूर्ती आहे. रोमच्या वस्तू इथवर आल्या. आपल्याकडची एखादी वस्तू त्या भिंतीपर्यंत पोचली होती का?

पोचली होती. मिरी.

व्हिंडोलांडाच्या एका लाकडी चिठ्ठीवर सैनिकांच्या नावापुढे त्यांनी घेतलेल्या मालाचा हिशेब मांडलाय. त्यात टाप्पोचा मुलगा गाम्बाक्स याच्या नावावर दोन दिनारांची मिरी पडली आहे. गाम्बाक्स हा अधिकारी नव्हे, साधा शिपाई. मिरी पिकायची मलबारात. केरळच्या मुझिरिस बंदरातून मान्सूनच्या वाऱ्यावर तांबड्या समुद्रापर्यंत, तिथून उंटांवरून नाईलकाठी, नदीनं अलेक्झांड्रियाला, मग भूमध्य समुद्रातून वर, असा तिचा सगळा प्रवास. आणि शेवटी ब्रिटनच्या टोकाला पावसात भिजलेल्या एका शिपायाच्या रश्श्यात. आपल्या बाजूची सोपारा, कल्याण ही बंदरं याच व्यापारात होती, आणि पैठण, तेरचा माल भडोचला उतरून जहाजावर चढायचा. तुमच्या पॉसायडनला कोल्हापुरात आणणारा व्यापार आणि गाम्बाक्सला मिरी पुरवणारा व्यापार एकाच काळातला, एकाच समुद्रावरचा. गाम्बाक्सची ती चिठ्ठी काही फार देखणी नाही, पण ‘मिरी’ हा शब्द तीत वाचता येतो हे कळल्यावर मी स्वयंपाकघरातल्या मिरीच्या डब्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

माणसंही फार लांबून आली होती. आपल्याकडून कुणी आल्याचा पुरावा नाही, पण सीरियाहून आलेला एक आहे. त्याच्यासाठी साउथ शील्ड्सच्या आर्बिया किल्ल्यातल्या संग्रहालयात जायलाच हवं. तिथं रेजिना नावाच्या बाईची समाधीशिळा आहे. बाई वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर चातीसारखी सूत कातायची काठी, एका बाजूला दागिन्यांची पेटी, दुसऱ्या बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा कुणीतरी फोडलाय. खाली लॅटिन मजकूर: ही कॅटुव्हेलौनी जमातीची, म्हणजे दक्षिण इंग्लंडमधली, वय 30, सीरियातल्या पाल्मिराच्या बाराटेसची आधी दासी, मग त्यानंच मुक्त करून बायको केलेली. त्याखाली एकच ओळ पाल्मिराच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे: ‘रेजिना, बाराटेसनं मुक्त केलेली, हाय!’ लॅटिन अक्षरं अंमळ ओबडधोबड आहेत, पण ही ओळ सफाईनं कोरलीय. त्या गावात ती वाचू शकणारे किती असतील? शेजारपाजारच्यांसाठी लॅटिन, आणि ती ओळ त्यानं स्वतःसाठी लिहून घेतली, असं मला वाटतं. परदेशात चाळीशी-पन्नाशी काढलेल्या कुणाही माणसाला हे समजवावं लागत नाही.

कॉरब्रिजला एका बाराटेसची शिळा आहे, पाल्मिराचाच, 68 व्या वर्षी गेलेला. तोच की दुसरा, यावर विद्वानांत वाद आहे. मला विचाराल तर तोच असावा, पण मला विचारतंय कोण.

प्रश्न (पुणे) : सप्टेंबरपासून न्यूकॅसलला एमएस करायला येतोय. गाडी नसेल आणि पैसेही बेताचेच. काय बघता येईल?

बरंच. विद्यापीठाच्या दारातच ग्रेट नॉर्थ म्युझियम आहे, तिकीट नाही. आत संपूर्ण भिंतीची लांबलचक प्रतिकृती आहे. आधी तिच्या कडेनं एक चक्कर मार, मग बाहेर कुठंही गोंधळ होणार नाही.

मग मेट्रोनं वॉल्सएंडला. स्टेशनवरच्या पाट्या लॅटिनमध्ये आहेत, धूम्रपान करू नका हेसुद्धा. तिथल्या सेगेडूनम या रोमन किल्ल्याच्या संग्रहालयाचा मनोरा लिफ्टनं चढला की खाली अख्ख्या किल्ल्याचा आराखडा पसरलेला दिसतो आणि पलीकडे जुना जहाजांचा कारखाना. टायटॅनिकच्या लोकांना वाचवणारं कार्पेथिया तिथं बांधलेलं. मेट्रोनंच साउथ शील्ड्सला जा आणि रेजिनाची शिळा बघ. तिथला किल्ल्याचा दरवाजा मूळ पायावर पूर्ण उंचीचा पुन्हा उभारलाय, भिंत किती उंच होती ते तिथं पटतं. आर्बिया हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा आल्या आल्याच उरकून घे.

कोथिंबीर-मिरची आणायला वेस्ट रोडला जाशीलच. आमचं हिंदू मंदिरही त्याच रस्त्यावर, आणि हा रस्ता भिंतीच्या रेषेवरूनच जातो. बेनवेल भागात एका साध्या घरांच्या गल्लीत, दोन बंगल्यांच्या मध्ये, अँटेनोसिटिकस नावाच्या देवाचं छोटंसं रोमन मंदिर आहे. हा देव जगात दुसरीकडे कुठंच ठाऊक नाही, तिथल्यापुरता ग्रामदेव. वेदी आहेत त्या नकला, मूळ वेदी आणि देवाचं डोकं ग्रेट नॉर्थमध्ये. लोक शेजारी गाड्या धूत असतात, तू खुशाल आत जा.

लांब जायचं तर रेल्वेनं हेक्सहॅम किंवा हॉल्टव्हिसल, आणि तिथून एडी 122 ही बस, भिंतीच्या सालाचाच नंबर असलेली. ती किल्ल्यांवरून जाते, पण हंगामात. तुझ्या सप्टेंबरात मिळेल, वेळापत्रक तेवढं बघून घे. शेवटची चुकली तर टॅक्सीला महिन्याचा किराणा जाईल. त्याच रस्त्यावर कॅरबराला मिथ्रास देवाचं मंदिर मोकळ्या शेतात आहे, तिकीट नाही. 1949 च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणथळ आटली आणि दगड वर दिसले. बूट मात्र चिखलाचे घालून जा.

प्रश्न (नागपूर) : भिंतीजवळचं ते प्रसिद्ध झाड तोडलं म्हणतात. आता तिथं काही आहे का?

सिकॅमोर गॅप या भिंतीवरच्या खिंडीतलं झाड. सप्टेंबर 2023 मध्ये रात्रीतून दोघांनी यंत्रकरवतीनं कापलं, भिंतीवरच पडलं. 2025 मध्ये दोघांना सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. बुंध्याला नवे कोंब फुटलेत, कुंपण आहे, हात लावू नका. खोडाचा भाग जवळच्या द सिल या केंद्रात ठेवलाय. लोक अजून जातात. खिंड अजूनही सुंदर आहे.

प्रश्न (बडोदा) : शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

उपासमार होत नाही. बहुतेक ठिकाणी सूप, चीज घातलेला स्कोन, भाजलेला बटाटा मिळतो. रोज तेच खाऊन कंटाळा येतो एवढंच. थेपले घेऊन या, बडोद्याच्या माणसाला हे मी काय सांगणार.

प्रश्न (डोंबिवली) : उत्खननात सामान्य माणसाला भाग घेता येतो का?

येतो. व्हिंडोलांडा ट्रस्ट दर उन्हाळ्यात स्वयंसेवक घेतो. शुल्क भरावं लागतं, आणि जागा जाहीर झाल्या की हातोहात जातात. पंधरवडा चिखलात गुडघ्यांवर बसायची तयारी हवी. सापडलेली वस्तू खिशात घालता येत नाही, हेही एकानं मला विचारलं होतं म्हणून सांगते.

प्रश्न (सांगली) : क्रिकेटच्या मैदानात रोमन देव सापडले अशी बातमी वाचली. खरी आहे की थाप?

खरी आहे. कार्लाइल क्रिकेट क्लबचं मैदान ईडन नदीकाठी, भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या किल्ल्याच्या पायथ्याशी. 2017 मध्ये नव्या पॅव्हेलियनसाठी चाचणी खड्डे घेतले तर खाली रोमन स्नानगृह. पॅव्हेलियनची जागा बदलावी लागली. मग गावातल्या स्वयंसेवकांना घेऊन खणायला सुरुवात झाली. 2023 मध्ये दगडाची दोन मोठी डोकी निघाली, माणसाच्या डोक्याच्या तिप्पट तरी असतील. शिवाय जांभळ्या रंगाचा एक मऊ गोळा निघाला, पिंगपाँगच्या चेंडूएवढा. तपासल्यावर तो समुद्री गोगलगायींपासून काढलेला टिरियन जांभळा ठरला, म्हणजे खुद्द सम्राटाच्या घराण्याशी जोडला जाणारा रंग. फौजी गावाच्या न्हाणीघरात तो कसा, यावर सध्या चर्चा चाललीय. सम्राट सेप्टिमियस सेव्हरस इथं फौज घेऊन आला होता, त्याच्याशी संबंध असावा असा अंदाज आहे.

मैदानावर सामने चालूच असतात. खणण्याचे दिवस वर्षातून थोडेच, ते आधी जाहीर होतात आणि तेव्हा लोकांना बघायला जाता येतं. सांगलीहून कुणी येणार असेल तर उन्हाळ्यात या, म्हणजे एका बाजूला खणणं आणि दुसऱ्या बाजूला सामना, दोन्ही बघून होईल. पाऊस आला तर दोन्ही बंद.